हायपीरियन विकली गेली तेव्हा मी काय काय आवरलं

मार्च २०२३ मध्ये बातमी आली की हायपीरियन रेकॉर्ड्‌स ही पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या काढणारी ब्रिटिश कंपनी युनिव्हर्सलनं विकत घेतली. डॉइच ग्रामोफोन आणि डेका या तशाच नामांकित कंपन्या आधीपासून ज्यांच्याकडे आहेत, तेच युनिव्हर्सल. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्या मित्रांपैकी निम्मे म्हणाले, ‘संपलं’. उरलेल्यांना आनंद झाला, कारण हायपीरियनचं संगीत तोवर स्ट्रीमिंगवर नव्हतंच. मी वाद घालत बसलो नाही. वर्षानुवर्षं विकत घेतलेल्या फायली आधी उतरवून घ्यायच्या, एवढं ठरवलं.

घाई करायला कारण होतं. इएमआय या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या विक्रीचा व्यवहार मला आठवत होता. २०१२ मध्ये युनिव्हर्सलनं ती घेतली, पण युरोपीय आयोगाच्या अटींमुळे तिचा अभिजात विभाग २०१३ मध्ये वॉर्नर या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. इएमआय क्लासिक्सच्या ध्वनिमुद्रणांवर वॉर्नरचं नाव आलं, त्याच विभागातल्या व्हर्जिन क्लासिक्सच्या ध्वनिमुद्रणांवर वॉर्नरच्याच इराटोचं. संगीत नाहीसं झालं नाही, पण आपल्याजवळची तबकडी नव्या नावाखाली कुठे आहे हे शोधताना डोकं उठायचं.

आणि हायपीरियन म्हणजे साधी कंपनी नव्हे. टेड पेरीनं ती १९८० मध्ये सुरू केली. सुरुवातीला खर्च भागवायला तो टॅक्सी चालवायचा. मग बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेनच्या रचनांची तबकडी अनपेक्षितपणे तुफान खपली. पियानोवादक ग्रॅहॅम जॉन्सननं ३७ खंडांत संगीतकार शूबर्टची सगळी गाणी केली, पियानोवादक लेस्ली हॉवर्डनं ९९ तबकड्यांत संगीतकार फ्रान्झ लिस्टचं सगळं पियानोसंगीत. नफ्याचा हिशेब आधी मांडणारा माणूस असल्या कामांना हात लावत नाही.

फायली उतरवणं सोपं गेलं. कॉपी करण्यावर कुलूप नसलेल्या फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) फायली, खात्यात शिरायचं आणि एकेक अल्बम घ्यायचा. खरा वेळ खाल्ला तो पुस्तिकांनी. शूबर्टच्या प्रत्येक गाण्यावर जॉन्सननं लिहिलेलं टिपण, मूळ जर्मन शब्द, शेजारी इंग्रजी अनुवाद. ते वाचल्याशिवाय मला अर्धं गाणं कळत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तिकेची पीडीएफ त्या त्या अल्बमच्या फोल्डरमध्ये टाकली आणि फोल्डरला तबकडीचा क्रमांक दिला. हिल्डेगार्डचा सीडीए ६६०३९. मालक बदलला, मुखपृष्ठ बदललं, तरी या क्रमांकावरून जुन्या समीक्षा आणि सूच्या जुळवता येतात.

मग टॅग, म्हणजे फाइलमध्येच नोंदवलेली नावं. एका फाइलवर ‘लिस्ट’, दुसरीवर ‘फ्रान्झ लिस्ट’, तिसरीवर कलाकाराच्या जागी संगीतकार. मी रचनाकार, रचना, भाग, वादक असे चारच रकाने ठेवले आणि बाकी सगळं पुसलं. हे काम रटाळ आहे, एका बैठकीत करू नये. शेवटी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवल्या आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत याची खात्री केली.

जुलै २०२३ च्या अखेरीस पहिले २०० अल्बम स्ट्रीमिंगवर आले, पुढचे टप्प्याटप्प्यानं. मी कान देऊन ऐकलं. आवाजात मला फरक जाणवला नाही, आणि एरवी विकत घेतलं नसतं असं पुष्कळ ऐकायला मिळालं. ‘संपलं’ म्हणणारे चुकले असं म्हणायला हरकत नाही. पण वाजण्यागणिक पैसे मोजायचे म्हटलं की पंचवीस मिनिटांचा एक भाग आणि तीन मिनिटांचं गाणं सारखंच ठरतं. त्या हिशेबावर उद्या कोणी ९९ तबकड्यांचा लिस्ट करेल का, याबद्दल मी साशंकच आहे.

त्याच सप्टेंबरात ॲपलनं बीआयएस घेतली, रॉबर्ट फॉन बारनं १९७३ मध्ये स्वीडनमध्ये काढलेली कंपनी. या वेळी धावपळ झाली नाही. तेच रकाने, तीच क्रमांकाची पद्धत. अडचण आली ती एसएसीडींची, म्हणजे साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाच्या तबकड्यांची. मासाआकी सुझुकीच्या संचालनाखालच्या बाखच्या कँटाटांच्या (गायन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांच्या) ज्या तबकड्या माझ्याकडे त्या रूपात आहेत, त्यांचा साधा सीडीचा थर संगणकाला वाचता येतो, एसएसीडीचा थर नेहमीच्या ड्राइव्हला दिसतही नाही. त्यामुळे त्यांच्या फक्त सीडीच्या थराच्या प्रती काढल्या, आणि एसएसीडी वाजवणारा जुना प्लेअर विकायचा बेत रद्द केला.