काळं राहू द्या

कॉम्पेन्सेटर, म्हणजे पिस्तुलाच्या नळीच्या तोंडावरचा खाचांचा तुकडा, कसा साफ करायचा हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर पिस्तुलाच्या साफसफाईवर मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण आठवड्यातून एक तरी फोन असतोच, "काका, कॉम्पेन्सेटरमध्ये काळं जमलंय, काही केल्या निघंना झालंय, काय टाकू?" 2024 ला पॅरिसात मनू भाकरनं पिस्तुलात अन् आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलीत ब्राँझ आणलं तेव्हापासून तर आईबापांचेच फोन जास्त. मी काही मोठा कोच नाही. परभणीत माझं डिझेल पंप अन् नोझल रिपेअरिंगचं दुकान आहे, नेमबाजी तरुणपणी केली, आता पोरांची हत्यारं बघून देतो एवढंच. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात ना, तर जर्मन पिस्तूल परभणीत बसून बघायचा योग येतो कधीकधी.

मी आधी उलटं विचारतो, पिस्तूल कुठलं? निम्मी पोरं सांगतात 10 मीटर एअर पिस्तूल. अरे मग कार्बन येईल कुठून, तिथं बारूदच नाही, नुसती दाबलेली हवा! त्यात जमते ती 4.5 मिलिमीटरच्या छर्‍याची करडी शिशाची पूड, कापसाच्या काडीनं पुसली की संपलं.

खरं दुखणं .22 चं, म्हणजे बारूदवाल्या काडतुसाच्या पिस्तुलाचं. ती गोळी म्हणजे 2.6 ग्रॅमच्या आसपासचं उघडं शिसं, वरून मेणासारखं वंगण. गोळी सुटली की तिच्या मागं गरम गॅस येतो, त्यात अर्धवट जळालेली बारूद, वितळलेलं मेण, गोळीचं शिसं अन् काडतुसाच्या बुडातल्या, बारूद पेटवणार्‍या मसाल्यातलंही शिसं. कॉम्पेन्सेटरचं काम काय, तर हा गॅस वरच्या खाचांतून बाहेर सोडायचा म्हणजे नळीचं तोंड उसळत नाही. रॅपिड फायरला 8, मग 6, मग 4 सेकंदांत पाच टार्गेटवर पाच गोळ्या असतात (विजय कुमारनं 2012 ला लंडनला सिल्व्हर घेतलं तोच प्रकार), तिथं तोंड लवकर जागेवर आलं पाहिजे. पण हाच गॅस आतल्या भिंतीवर आपटतो, थंड होतो अन् तिथंच चिकटतो. कंदिलाला कीट चढतं ना, तसं, फक्त ह्या किटात शिसं असतं म्हणून ते दगडासारखं होतं.

आता नीट ऐका. खाचांत, भिंतींना जे मऊ काळं दिसतं ना त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते गोळी बाहेर पडायच्या भोकाच्या कडेला जमलेल्या शिशाच्या चकचकीत करड्या कडीमुळं. गोळी 5.6 मिलिमीटरची, भोक तिच्यापेक्षा थोडंसंच मोठं. एका बाजूला कडी वाढली की गॅस वाकडा ढकलतो, ग्रुप फाटतो, म्हणजे कागदावरची भोकं जवळजवळ न पडता पांगतात, अन् लईच वाढली तर गोळी घासून जाते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबुळकं भोक पडलं की समजायचं, गोळी आडवी होऊन लागायली. तेव्हा मात्र आधी थांबायचं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. नवीन नवीन होतो तेव्हा माझा पहिला कॉम्पेन्सेटर असाच जाम झाला होता. दुकानात इंजिनाच्या बिडाच्या हेडचा कार्बन काढायला कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी असायचंच, दिला त्यात सोडून अन् चहाला गेलो. परत आलो तर पाणी उकळल्यासारखं फसफसायलं, काळा रंग गेलेला, खाचांच्या कडा कुरतडल्यासारख्या. अ‍ॅल्युमिनियम होतं ते! कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही पण अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं अन् वर हायड्रोजन सोडतं. आमचे उस्ताद चिमट्यानं तो बाहेर काढत म्हणाले, "मियाँ, लोहे की दवा आल्मुनियम कू पिला दिए तुम." नवीन पार्ट बाहेरून यायला सात महिने लागले. तो खाल्लेला तुकडा अजून दुकानाच्या किल्ल्यांना अडकवलेला आहे, फोनवर न पटणार्‍याला दाखवतो.

तर करायचं असं. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का डोळ्यानं बघा, ते रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घाला. कॉम्पेन्सेटर आट्यांचा असेल तरच खोला, फिक्स असेल तर पान्हा लावायची हौस करू नका. काचेच्या बरणीत डिझेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवा (रॉकेल चांगलं, पण आता मिळतंय कुठं), अन् ती बरणी परत लोणच्याला वापरायची नाही हे घरात सांगून ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशनं मऊ काळं निघतं. खाचांच्या कोपर्‍यात उदबत्तीची मागची बांबूची काडी जाते. अन् शिशाच्या कडीला मी ब्रेझिंगची पितळी सळी चपटी करून ठेवलीय, पितळ शिशापेक्षा कडक अन् पोलादापेक्षा मऊ, त्यामुळं कडी पापुद्र्यासारखी सुटते, करकर आवाज येतो अन् मग एकदम टप्पदिशी चकती पडते, लई समाधान वाटतं. स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉचं पातं ह्यातलं काही नको. नळीच्या तोंडाच्या कडेला, म्हणजे क्राऊनला, पोलादाचा एक ओरखडा बसला तर आयुष्यभर गोळी तिकडंच पळणार.

हातात ग्लोव्ह्ज घाला, फुंकर मारायची नाही, मध्येच तंबाखू मळायची नाही, शिसं पोटात जातं. कुणी व्हिनेगर अन् पेरॉक्साइड मिसळायला सांगतं. शिसं विरघळतं हे खरं, पण त्याचं लेड अ‍ॅसिटेट होतं, पाण्यात मिसळणारं विष, ते मोरीत ओतणार का?

एक काका खंडेनवमीच्या आधी भांडी घासायच्या पावडरीनं पोराचं पिस्तूल चकचकीत करून घेऊन आले होते, वर पूजेचं हळदकुंकू खाचांत तेलाला चिकटून बसलेलं. पूजा करा की, पण कुंकू लाकडी ग्रिपला लावा.

मी दर 400-500 गोळ्यांनी टॉर्च मारून बघतो. बघतो म्हणजे बघतोच, काढतो असं नाही. बसवताना आतून तेलाचा पातळ हात फिरवला की पुढचं कीट सैल बसतं. साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या जरा इकडंतिकडं जातात, त्यामुळं दहावीस गोळ्या मारून झिरो, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागते का, ते तपासायला रेंज मिळणार नसेल, आमच्या पोरांना तर 25 मीटरसाठी पार बालेवाडी गाठावी लागते, तर सामन्याच्या आदल्या रात्री पुण्यातल्या लॉजवर बसून मला फोन करू नका. राहू द्या तसंच, झोपा.