यंदा सेंटरला कोण?

आमचं दुकान चष्म्याचं आहे, पण जून-जुलैत संध्याकाळी बाहेरून जाणाऱ्याला वाटेल की इथं स्थळं जुळवतात. उंची किती? घरचे काय करतात? आधी कुठं होता आणि तिथून का सोडलं? विषय असतो बास्केटबॉलचा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पर्ड्यू नावाचं विद्यापीठ आहे, त्याच्या संघात 2025-26 च्या मोसमात कोण कुठं खेळणार यावर पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर रोज तासभर भांडण चालतं.

साताऱ्यात पर्ड्यूचे चाहते आले कुठून? दोष माझ्या भावाचा. तो फलटणला कमिन्समध्ये होता, कंपनीनं त्याला कोलंबस, इंडियाना इथं मुख्यालयात पाठवलं. त्याचा मुलगा पुढं पर्ड्यूला इंजिनिअरिंगला गेला. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं मॅकी अरीनातून व्हिडिओ कॉल लावला. चौदा हजारांवर माणसं एका सुरात ओरडतायत आणि हा म्हणतोय, "आत्या, आवाज येतोय का?" मी साताऱ्याच्या सिमेंटच्या कोर्टवर, नेट नसलेल्या रिंगखाली, कॉलेजकडून खेळलेली बाई. पडलं की गुडघ्याची साल जायची, आणि प्रेक्षक म्हणजे घरी न्यायला आलेले वडील. त्या कॉलनंतर मी गेलेच. मग मला खेळायला शिकवलेले सर आले, ते आता निवृत्त आहेत. सरांमागून समोरच्या माडीवरचे वकीलसाहेब आले, त्यांना खेळापेक्षा करारांत जास्त रस. आमचे हे आत डोळे तपासतात आणि अधूनमधून एकच प्रश्न विचारतात, "मग, जिंकले का?"

बहुतेक वेळा नाही, हे उत्तर त्यांना पाठ आहे.

2023 च्या मार्चमध्ये देशभरातल्या कॉलेजांच्या बाद स्पर्धेत पर्ड्यूला पहिलं मानांकन होतं आणि पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सननं त्यांना 63-58 असं घरी पाठवलं. फेअरली डिकिन्सन म्हणजे त्या वर्षी अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांमधला सर्वांत बुटका संघ, आणि पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. (साताऱ्यात ईडी म्हटलं की लोक भलतीकडेच बघतात, म्हणून आम्ही त्याला झॅकच म्हणतो.) सरांना त्या सामन्याचा मनातून आनंद झाला होता, त्यांनी तो नीट लपवलाही नाही. जन्मभर त्यांनी पाच फूट सहा इंचांची पोरं घेऊन संघ बांधले. उंच संघाला दमवायचं, चेंडू खालून पळवायचा, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

पुढच्या वर्षी पर्ड्यू थेट अंतिम सामन्यात. तारीख आमच्याकडे 9 एप्रिल 2024, म्हणजे गुढीपाडवा. ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि आमच्या घड्याळात सातला दहा कमी. काठी धुऊन गॅलरीत ठेवलेली, तांब्या घासलेला, साखरेची माळ पिशवीतच. सासूबाई कडुलिंबाचा डहाळा हातात धरून माझ्यामागे उभ्या. झॅकनं त्या दिवशी 37 गुण केले. पर्ड्यूचे एकूण 60. कनेक्टिकटचे 75. उरलेल्या अख्ख्या संघाला मिळून लांबून एकच थ्री, म्हणजे तीन गुणांची बास्केट, टाकता आला. सासूबाईंनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "तो उंच मुलगा एकटाच खेळतोय. बाकीचे काय बघायला आलेत?"

त्या सामन्याचं यापेक्षा नेमकं विश्लेषण मी आजवर वाचलेलं नाही. कनेक्टिकटनं ठरवूनच तसं केलं होतं. झॅकला काय करायचं ते करू दे, बाकीच्यांना मोकळं सोडायचं नाही. गुढी जरा उशिरा उभी राहिली, एवढंच.

झॅकवर मात्र सर आणि मी एका बाजूला. टोरांटोचा पोरगा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात घेतला तो दहावीच्या सुमारास. भरतीच्या याद्यांमध्ये त्याचं नाव चारशेच्या पुढं होतं. मॅट पेंटर या पर्ड्यूच्या प्रशिक्षकानं त्याला घेतलं, चार वर्षं घडवलं, आणि तो लागोपाठ दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरून एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत मेम्फिसकडे नवव्या क्रमांकावर गेला. पेंटरची रीतच ही. पोरगं आणायचं, गरज पडली तर वर्षभर नुसतं सरावाला ठेवायचं, अंग भरू द्यायचं. ट्रे कॉफमन-रेन पहिल्या वर्षी एकही सामना खेळला नाही. 2024-25 च्या मोसमात त्यानं सामन्यामागे 20 गुण केले. सर म्हणतात, "असा मास्तर मला भेटला असता तर मी मास्तर झालो नसतो, खेळाडू झालो असतो."

वकीलसाहेबांना ही भक्ती पटत नाही. त्यांचं म्हणणं, जमाना पोर्टलचा आहे. आपल्याकडे कॉलेज बदलायचं तर टीसी, मायग्रेशन, क्लार्कच्या टेबलाला तीन चकरा. तिकडे 2018 पासून एक यादी आहे, खेळाडूनं त्यात नाव घातलं की बाकीच्या कॉलेजांनी बोलणी सुरू करायची. पूर्वी बदली केली की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2021 ला पहिली बदली मोकळी झाली, 2024 पासून कितीही वेळा. 1 जुलै 2021 पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. आणि जून 2025 मध्ये कोर्टानं खेळाडूंच्या दाव्यातली तडजोड मंजूर केली, त्यामुळे कॉलेजच थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. वकीलसाहेबांनी माझ्या बिलबुकाच्या मागं रुपये काढले. पावणेदोनशे कोटींच्या आसपास. सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या काळात विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ट्रॅकसूट मिळायचा, आणि तो दौरा संपल्यावर परत द्यावा लागत नाही याचंच पोरांना अप्रूप.

"बघा ना ताई," वकीलसाहेब म्हणाले, "तो कॉल्विन. बाप पर्ड्यूचाच फुटबॉलपटू, बहीण तिथंच व्हॉलीबॉल खेळलेली. घरचाच म्हणायचा. तोही गेला वेक फॉरेस्टला. हाइडी गेला टेक्सासला. थांबून काय मिळालं त्यांना?"

मुद्दा बिनतोड आहे. बाकावर बसून वाट बघणाऱ्यातल्या एकाचंच सोनं होतं, बाकीच्यांची वर्षं जातात, आणि आपण गोष्ट सांगतो ती त्या एकाची. तरीही मी पेंटरच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण भावनिक नाही. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर 2022 पासून एकत्र खेळतायत. स्मिथ जेमतेम सहा फुटांचा, मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नव्हतं, आणि 2024-25 मध्ये तो बिग टेन या पर्ड्यूच्या परिषदेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो पास टाकतो तेव्हा समोरच्याकडे बघतही नाही, कारण कॉफमन-रेन कुठं वळणार हे त्याला माहीत असतं. ही ओळख दरवर्षी आठ नवी पोरं आणणाऱ्या संघाला कितीही पैसे ओतून मिळत नाही.

मग मार्च 2025 मध्ये ह्यूस्टनकडून हरलो कसे? 62-60, तेही इंडियानापोलिसमध्ये, जवळपास घरच्याच मैदानावर, शेवटचं सेकंद उरलेलं असताना. (पाडव्याच्या आदल्या सकाळी. आमच्या घरात पाडव्याला आणि पर्ड्यूला एकत्र नांदता येत नाही.) माझं उत्तर: रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडणं. झॅक गेल्यावर त्याच्या जागी सात फूट चार इंचांचाच डॅनियल जेकबसन आला होता, पण मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या नडगीचं हाड मोडलं. मग सहा फूट नऊ इंचांच्या कॉफमन-रेनला वर्षभर मध्ये, रिंगजवळच्या उंच माणसाच्या म्हणजे सेंटरच्या जागी, उभं राहावं लागलं. गुण त्यानं केले, पण रिंगवरून उडालेले चेंडू समोरच्यांनी नेले.

रिबाउंड हा उंचीचा प्रश्न आहे की पायांचा, यावरून गेल्या आठवड्यात काउंटरसमोर प्रात्यक्षिक झालं. सर म्हणाले, चेंडूकडे बघणारा हरतो. चेंडू रिंगला लागायच्या आधी माणूस शोधायचा, त्याच्या छातीला पाठ लावायची, ढोपरं बाहेर, बूड खाली, आणि तो जिकडे सरकेल तिकडे आपण. हे त्यांनी वकीलसाहेबांना पाठ लावून दाखवलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण वकीलसाहेबांना एक पाऊल पुढं येता येईना. ते डावीकडून निघाले, सर न बघता डावीकडे. उजवीकडून निघाले, तर फ्रेमचा ट्रे खाली. आत डोळे तपासत असलेल्या आजोबांनी विचारलं, "भांडण झालं का?" आमचे हे म्हणाले, "नाही, भरती चाललीय."

तर पेंटरनं यंदा बाजारातून उचलला तो ऑस्कर क्लफ. ऑस्ट्रेलियाचा, सहा फूट अकरा इंच, मागच्या मोसमात साउथ डकोटा स्टेटकडून सामन्यामागे बारावर रिबाउंड. हे मला पटलं. घरात जे तयार झालं नाही तेवढंच बाहेरून आणलं. नॉर्थ फ्लोरिडातून लियाम मर्फीही आलाय, पण त्याच्यावर आमच्याकडे अजून कुणाचं भांडण नाही, म्हणजे बिचाऱ्याकडून फार अपेक्षा नाहीत. आणि इस्राएलचा ओमर मेयर. मोठ्या माणसांत खेळून आलेला गार्ड, म्हणजे चेंडू पुढं आणून खेळ रचणारा. वकीलसाहेबांच्या मते स्मिथ पुढच्या वर्षी जाणार म्हणून आत्ताच केलेली ही तजवीज. यावर मात्र तिघांचं एकमत झालं, त्यामुळे विषय लवकर संपला.

आता आमचा स्वतःचा जेकबसन. माण तालुक्यातला पोरगा आहे, सहा फूट चार इंच. नाव सांगत नाही, त्याच्या मागं आधीच पुरेशी माणसं लागलीत. माणमध्ये लांब पायाचं पोर दिसलं की त्याला पळायला लावतात. मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्यापासून तर जास्तच. हाही पळायचा. अकरावीला साताऱ्यात आला तेव्हा सरांनी त्याला हेरलं. दोन वर्षांत डावा हात बऱ्यापैकी वळलाय. एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा संपल्या, बारावी सायन्स झाली, आणि आता तो कुठल्या कॉलेजकडून खेळणार हा साताऱ्यापुरता या मोसमातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. इथल्या संघातले तीन भिडू यंदा पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यातला एक सेंटर होता.

सरांना तो इथंच बीएस्सीला हवा. पुण्याच्या दोन कॉलेजांतून फोन येऊन गेलेत. वडिलांना खेळाशी देणंघेणं नाही, त्यांना इंजिनिअरिंग हवंय. त्यामुळे सध्या कुणाच्याच हातात काही नाही, सगळे कॅप राउंडकडे डोळे लावून बसलेत. वकीलसाहेब म्हणाले ते खरंय, "आपलं पोर्टल म्हणजे सीईटी सेल." पेंटरला पोराच्या घरी जाऊन आईबापांशी बोलता येतं. आमच्याकडे पर्सेंटाइल बोलतं.

माझं मत सरांना आवडलेलं नाही, पण ते इथं लिहून ठेवते. पुण्याला त्याला उंचीसाठी नेतील आणि तिथं आधीच दोन सेंटर तयार असतील. हा दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या सांभाळेल. साताऱ्यात सर आहेत, पण सध्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरलंय, पाऊस संपेपर्यंत सराव बंद, आणि बीएस्सी करून पुढं काय हा वडिलांचा प्रश्न चुकीचा नाही. कराडचं शासकीय इंजिनिअरिंग त्याला मिळत असेल तर त्यानं ते डोळे झाकून घ्यावं. चार वर्षांचा कोर्स, म्हणजे चार मोसम एकाच संघात. फी वडिलांना झेपेल. हॉस्टेल आणि मेसची सोय झाली की हा पोरगा दुसरं काही मागत नाही. तो परवा दुकानात आला होता, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून सवयीनं वाकून. मी त्याला सरळ विचारलं, तुला काय पाहिजे? म्हणाला, "काकू, आत खेळायला मिळालं तर बरं. म्हणजे छपराखाली."

सर म्हणाले, "कराड? अगं, मग तो आपल्याविरुद्ध खेळेल!"

म्हटलं, खेळू दे. तुम्हीच शिकवा आमच्या पोरांना त्याला पाठ लावायला.

दोन दिवस सर दुकानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पर्ड्यूचे पहिले पाच कागदावर लिहून. माझे पाच असे: स्मिथ, लॉयर, सी. जे. कॉक्स, कॉफमन-रेन, क्लफ. सरांनी क्लफला बाहेर बसवून जेकबसनला घेतलंय. नडगी भरून आली की तोच, म्हणे. घरचा आहे, चार वर्षं राहील. वकीलसाहेबांना कॉक्सच्या जागी मेयर हवाय. मोसम नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे दिवाळी उरकल्यावर. तोवर कागद तिन्ही काउंटरच्या काचेखाली आहेत.