आजीचं कपाट

आज आजीची पुस्तकं आवरली. तिच्याकडे आलेली बाई चहाशिवाय आणि पुस्तकाशिवाय परत जात नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणूनही पुस्तकंच. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, निघालेल्या बायका आधी आमच्या गल्लीत वळायच्या. उसनवारीची वही वेगळी: नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘आवडलं का?’ त्या रकान्यासाठीच ती पुस्तकं द्यायची, असं मला मनापासून वाटतं.

घरोघरी अशी कपाटं आहेत, म्हणून सांगते. सोलापूरच्या उन्हात पुस्तकं वाळत घालू नका. कागद पिवळा पडतो, बांधणीचा डिंक तडकतो. सावलीत उघडी ठेवा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, बांधणीकडून बाहेर झाडा. कडुलिंबाचा पाला कडकडीत वाळलेला हवा, नाहीतर त्याच्याच ओलीने बुरशी धरते.

फाटक्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात नको. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. गार झालेली ही खळ अगदी पातळ लावून टिश्यू कागदाची पट्टी चिकटवा. जास्त लावली तर पान सुरकुततं. वाळेपर्यंत वर वजन ठेवा. खळ उरली तर टाकून द्या, शिळी आंबते.

शेंगाचटणीच्या तेलाचे डाग मात्र घरी निघत नाहीत. आजीच्या पुस्तकांवरचे मी तसेच राहू दिलेत.

आणि पुस्तकं जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकू नका. हवा लागत नाही, कसर तिथेच घर करते.