‘तसं पत्र आम्ही देत नाही’ : वेब डिझायनर म्हणून कॅनडाला जाताना

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीबद्दल, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवरून कायमचं वास्तव्य देणाऱ्या योजनेबद्दल, कुणी विचारलं की पहिला प्रश्न आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा असतो आणि दुसरा स्कोअरचा. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी एचआरला मेल टाका. परीक्षा, पदवीचं मूल्यांकन, बँकेचं पत्र, मेडिकल, पोलिसांचा दाखला हे सगळं पैसे भरले आणि रांगेत उभं राहिलं की मिळतं. नोकरीच्या अनुभवाचं पत्र ज्याच्या हातात असतं, त्याला मात्र तुम्ही गेलात काय आणि राहिलात काय, सारखंच.

घोळ असा की प्रोफाइल भरताना हे पत्र कुणी मागतच नाही. परीक्षेचे आणि मूल्यांकनाचे क्रमांक टाकायचे, नोकरीच्या तारखा लिहायच्या, की प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, जातं आणि तिथे १२ महिने राहतं. तिथून अर्ज करायचं आमंत्रण आलं की घड्याळ सुरू होतं. ६० दिवसांत सगळे कागद अपलोड करायचे. तोवर जे एचआरकडे फिरकलेलेच नसतात, त्यांचं घोडं इथे पेंड खातं.

पत्रात काय लागतं ते एकदा नीट वाचा. कंपनीचं लेटरहेड, त्यावर पत्ता, फोन आणि ईमेल. तुमचं नाव, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ. कामाचं स्वरूप. शेवटी वरिष्ठाची किंवा एचआर अधिकाऱ्याची सही, खाली नाव आणि हुद्दा. कंपनीत एकाहून जास्त पदं सांभाळली असतील तर प्रत्येक पदाच्या तारखा आणि कामं वेगळी.

मला काय मिळालं? चार ओळी. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. रिलीव्हिंग लेटर म्हणून उत्तम, पण कॅनडाच्या अर्जात त्याला किंमत नाही. त्या शुभेच्छांचा राग अजून गेलेला नाही.

मी परत मेल केला की एनओसीप्रमाणे कामाचं वर्णन हवं. उत्तर आलं, ‘आमची काहीच हरकत नाही.’ त्यांना ना हरकत प्रमाणपत्र वाटलं! म्हणून सांगतो, एचआरशी बोलताना एनओसी हा शब्दच काढू नका. कॅनडात एनओसी म्हणजे व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण. वेब डिझायनरचा कोड २१२३३, वेब डेव्हलपर आणि प्रोग्रामरचा २१२३४, ग्राफिक डिझायनरचा ५२१२०. जुन्या वर्गीकरणात डिझायनर आणि डेव्हलपर दोघे २१७५ मध्ये एकत्र होते. १६ नोव्हेंबर २०२२ पासून एक्सप्रेस एंट्रीत नवीन कोड चालतात, त्यामुळे कुणी जुना नमुना पाठवला तर त्यावरचा आकडा आधी बघा.

कोड ठरतो तो कामावरून, पदाच्या नावावरून नाही. व्हिजिटिंग कार्डावर वेब डिझायनर असेल, पण वर्षभर बॅनर आणि ब्रोशर केले असतील तर ते ग्राफिक डिझायनरचं काम. उलट पद ‘क्रिएटिव्ह एक्झिक्युटिव्ह’ असलं तरी ग्राहकाशी बोलून साइटच्या गरजा लिहून काढणं, मॉकअप आणि स्टोरीबोर्ड करणं, साइटची रचना, मांडणी आणि प्रवाह ठरवणं, मजकूर आणि चित्रं साइटसाठी तयार करणं, चाचण्या घेणं हे तुम्ही केलं असेल तर २१२३३ तुमचाच. अर्ज तपासणारा कॅनडाचा अधिकारी दोन गोष्टी पाहतो : त्या कोडच्या सुरुवातीच्या वर्णनाशी तुमचं काम जुळतं का, आणि खाली दिलेल्या मुख्य कामांपैकी बरीचशी तुम्ही केली आहेत का. सगळीच केली असली पाहिजेत असं नाही.

इथे दुसरी चूक होते. लोक एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उचलून पत्रात टाकतात. वाचणाऱ्याला ती वाक्यं पाठ असतात, आणि शंका आली की पत्राचं वजन जातं. तुमची भाषा हवी, पण आशय तोच. ‘वेबसाइट डिझाइन केल्या’ एवढ्याने काही कळत नाही. ‘ग्राहकांच्या बैठकीतून गरजांची यादी करून फिग्मात वायरफ्रेम आणि क्लिक करता येणारे मॉकअप केले, ते मंजूर झाल्यावर एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये पानं बांधली, वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर तपासली’ हे वाचून काम डोळ्यांसमोर उभं राहतं. अशा सहा-सात ओळी पुरतात. जे केलं नाही ते लिहू नका. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही.

एचआर स्वतःहून असं काही लिहिणार नाही. मसुदा तुम्हीच करा, तुमच्या थेट वरिष्ठाकडून मेलवर ‘बरोबर आहे’ असं घ्या आणि तोच धागा एचआरकडे पुढे पाठवा. वरिष्ठाचा होकार दिसला की निम्मी हरकत विरते. उरलेली हरकत पगाराची असते, ‘आम्ही पत्रात पगार लिहीत नाही.’ तेव्हा कॅनडा सरकारच्या पानावरची पत्राची अट प्रिंट काढून जोडायची. एचआरला तुमच्या अडचणीशी देणंघेणं नसतं, पण सरकारी कागद दाखवला की फाइल हलते. ‘पूर्णवेळ’ एवढंच लिहिलेलं पत्र परत करा आणि ‘आठवड्याला ४० तास’ असा आकडा घालून घ्या. एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या गटासाठी सलग एक वर्ष, म्हणजे आठवड्याला ३० तासांच्या हिशेबाने १,५६० तास मोजतात, आणि ते वर्ष तुम्ही मुख्य म्हणून निवडलेल्या व्यवसायातलंच लागतं.

आणि तरीही ‘तसं पत्र आम्ही देत नाही’ हेच उत्तर आलं तर? तो नकार लेखी घ्या. तोंडी नकार कुठे जोडणार! मग तुमच्या वरिष्ठाकडून, तो आता दुसऱ्या कंपनीत असला तरी, कामाचं वर्णन असलेलं सही केलेलं पत्र घ्या आणि नोटरी करा. सोबत चार ओळींचं पत्र, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, नकाराचा मेल, आणि हे सगळं का जोडलं ते सांगणारं एक पानी स्पष्टीकरण. याने काम होईलच अशी हमी नाही, निर्णय अधिकाऱ्याचा. पण अर्धवट पत्र एकटं पाठवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. काही कमी असेल तर अधिकारी परत विचारतीलच, या भरवशावर राहू नका.

फ्रीलान्स करणाऱ्यांचं गणित वेगळं. स्वतःच लिहिलेलं कामाचं वर्णन किंवा स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालत नाही. व्यवसाय तुमचा असल्याचा पुरावा, त्यातून उत्पन्न आल्याचा पुरावा, आणि काय काम केलं व किती पैसे दिले हे सांगणारी ग्राहकांची कागदपत्रं लागतात. इन्व्हॉइसवर नुसतं ‘डिझाइन’ लिहायची सवय असेल तर आजच सोडा. ग्राहकाचं पत्र काम संपल्या आठवड्यात मागितलं तर मिळतं, दोन वर्षांनी तो नंबरही बदललेला असतो.

बाकीचं पटापट. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगच द्या. चारही भागांत ६ आले की किमान अट, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी (सीएलबी ७), पूर्ण होते. पण लक्ष्य सीएलबी ९ ठेवा, म्हणजे लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७. परदेशातल्या तीन वर्षांच्या अनुभवाला सीएलबी ९ असेल तर ५० गुण मिळतात, त्याखाली २५. लिसनिंगचा अर्धा बँड किती महाग पडतो ते यावरून कळेल. निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं. वय २० ते २९ असेल तर एकट्या अर्जदाराला ११० गुण, ३० ला १०५, ३१ ला ९९. एचआरने घालवलेले महिने असे मोजायचे.

नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद आहेत, तेव्हा केवळ गुणांसाठी ऑफर विकणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. ठरावीक व्यवसायांना वेगळी आमंत्रणं देण्यासाठी जे गट आहेत, त्यातल्या विज्ञान-तंत्रज्ञान गटाच्या यादीत २०२३ मध्ये वेब डिझायनर होते, २०२५ च्या यादीत नाहीत. जुने व्हिडिओ बघून त्या गटाच्या आशेवर बसू नका. मेडिकल २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्ज भरण्याआधीच करावी लागते, तीही कॅनडा सरकारच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्ज दोन्ही लागतं. नुसतं स्टेटमेंट पुरत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं : पत्रावरचं नाव पासपोर्टसारखंच घ्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि पत्रात नसेल तर आणखी एक स्पष्टीकरण लिहावं लागतं. आणि प्रत्येक नोकरीचे सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडायचे असतात. फाइलची मर्यादा ४ एमबी आहे, त्यामुळे स्कॅन करतानाच रिझोल्यूशन कमी ठेवा, पण सही आणि शिक्का वाचता येतोय का ते मोठं करून बघा.