छपरावर सोलर आणि तोंडी कोळसा, असं कसं काय?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, आणि मागे एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस असताना विचारला. "तू सोलरच्या कंपनीत, घरावर पॅनल, मग कोळसा बंद करा म्हटलं की तुला राग का येतो?" उलट बाबांचे जुने सहकारी भेटले की त्यांचं वेगळंच, वडिलांनी कोळशाच्या पगारावर तुला इंजिनियर केलं आणि तू त्यांच्याच धंद्यावर उठलीस. दोन्हीकडून बोलणी खाते. म्हणून एकदाच लिहिते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

बाबा विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात आयुष्यभर शिफ्ट करून रिटायर झाले, मग पुण्यात आले, धायरीत रो हाऊस घेतलं. त्यावर 3 किलोवॅट सोलर मी बसवलं. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, नेट मीटर, म्हणजे जास्तीची वीज त्यांना जाते आणि बिलातून वजा होते, बॅटरी नाही. बिल जवळपास शून्य येतं, शेजारी येऊन मीटर बघून जातात.

आता तो दिवस. एप्रिल महिना, दुपारी बाराच्या आसपास लाईट गेली. गुरुवारही नव्हता, पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट घालवायचा वार तो, गुरुवार असता तर कोणी दचकत नाही. गल्लीच्या तोंडाशी खोदाई चालू होती, जेसीबीने केबल तोडली, कोणाचं काम होतं ते शेवटपर्यंत कोणीच सांगितलं नाही. बाबा तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनवर. मशीन साधारण 350 वॅट खातं. सोलरशी संबंध नसलेला घरातला साधा इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी जुनी झालेली, तासाभरात तिने मान टाकली. मग सिलिंडर लावला, त्याचा काटा लालच्या जवळ, एजन्सीवाला फोनवर म्हणतो मॅडम माणूस नवले पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलाय, आणि नवले पूल म्हटल्यावर पुढे काही विचारण्यात अर्थ नसतो.

आणि वर छपरावर 3 किलोवॅट. कडक ऊन. त्या मशीनसारखी सात-आठ मशीन आरामात चालली असती एवढी वीज डोक्यावर, आणि घरात एक पंखा फिरत नव्हता.

तुम्हाला वाटेल सिस्टीम बिघडली होती. नाही. ती अगदी बरोबर वागली. सोलरचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर कीर्तनात मागे टाळ धरून उभे असलेल्यांसारखा असतो, बुवा गप्प झाले की त्याला गप्प व्हावंच लागतं. ग्रिडचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघूनच तो चालतो, ती गेली की एक-दोन सेकंदांत बंद. मुद्दाम तसं केलंय. नाहीतर लाईन बंद आहे समजून वायरमन केबलला हात लावणार आणि माझ्या छपरावरची वीज उलटी जाऊन त्याला मारणार. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय, कोटेशनवर लिहून देते, तरी लोक विसरतात. मी विसरले नव्हते. बॅटरीचे पैसे तेव्हा मला जास्त वाटले, आणि आज कोणी विचारलं तरी साध्या घराला, जिथे आजारी माणूस नाही, तिथे मी बॅटरी नको असंच सांगेन. आमच्या घरात आजारी माणूस होता हे मलाही माहीत होतं, हो, लिहू नका कमेंटमध्ये.

आई जिन्यात उभी राहून विचारत होती, अगं पण वर एवढं ऊन आहे ना? मी काय सांगणार तिला. बाबा मास्क बाजूला करून म्हणाले, "तिला काय विचारतेस, तिचा सूर्य महावितरणच्या परवानगीने उगवतो." आणि हसले, आणि हसण्यापायी त्यांना जी धाप लागली ती दहा मिनिटं बसेना. त्या दहा मिनिटांबद्दल मी इथे लिहिणार नाही.

समोरच्या सोसायटीला डिझेल जनरेटर आहे. वॉचमनकाका, मी आणि त्यांच्या सेक्रेटरींचा मुलगा, आम्ही तीन एक्स्टेन्शन बोर्ड एकमेकांत खुपसून गल्ली ओलांडून वायर आणली, वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून वॉचमनकाका खुर्ची टाकून रस्त्यात बसले. मशीन सुरू झालं. काळा धूर आमच्याच खिडकीत येत होता आणि मी सोलरवाली तो धूर बघून देवाला हात जोडत होते. लाईट साडेपाचला आली, तोवर ऊन उतरलेलं.

हे ऐकलं की कोळसावाले खूश, बघा म्हणतात, कळलं ना आता. अहो काय कळलं? त्या दिवशी कोळशाची वीजही आमच्या घरी आली नाही. तुटली होती केबल, आणि तुटलेली केबल आत काय वाहत होतं ते विचारत नाही. 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी लगेच "सोलरने देश बुडवला" टाकलं. नंतरच्या चौकशीत आलं की व्होल्टेज चढत गेलं आणि ते दाबून धरायची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती त्यांनीही ते पुरेसं धरलं नाही. हे मी ग्रुपवर टाकलं, त्यावर कोणाचा अंगठा नाही. आणि 2012 चा जुलै? 30 आणि 31 तारखेला उत्तर भारत, मग पूर्व, ईशान्य, साठेक कोटी लोक अंधारात, तेव्हा देशात सोलर होतंच किती? आपल्याकडे लाईट होती कारण पश्चिमेची ग्रिड वाचली.

कोळसा म्हणजे हमखास, हेही मला पटत नाही. 2015 मध्ये परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं, कोळसा होता, पाणी नव्हतं. 2022 च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईने महाराष्ट्रात लोडशेडिंग परत आलं.

पण मग सोलरवाल्या माझ्या मित्रांना एकच विचारते, संध्याकाळी सात वाजता काय? 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत, म्हणजे उभ्या केंद्रांच्या एकूण ताकदीत, बिगर-जीवाश्म (ऊन, वारा, पाणी, अणू) वाटा निम्म्यावर गेला, पेढे वाटले आम्ही ऑफिसात. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटमध्ये मात्र अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच. ऊन मावळतं आणि त्याच वेळी लोक घरी येऊन एसी लावतात. ती तूट कोळसा, कोयनेसारखं पाणी आणि थोड्या बॅटऱ्या मिळून भरून काढतात. दुपारी सोलर भरपूर असतं तेव्हा कोळसा कमी करावा, तर कोळशाचा बॉयलर फार खाली आणता येत नाही, 55 टक्के लोड, पुढे 40 पर्यंत आणा म्हणून केंद्राचे नियम आहेत, बाबांना हे सांगितलं तर म्हणाले रोज खाली-वर केलं की बॉयलरच्या ट्यूब फुटणार, त्या कोण बदलणार, तू?

5 एप्रिल 2020, रात्री नऊ, दिवे बंद करायचे होते ना, तेव्हा सगळा देश बाल्कनीत आणि बाबा मोबाईलवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघत, मागणी-पुरवठ्याचा तोल ढळला की ती हलते. 31 हजार मेगावॅटच्या आसपास मागणी काही मिनिटांत उतरली आणि परत चढली. मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी सांभाळून घेतलं. बाबा त्या रात्री जितके खूश होते तितके माझ्या लग्नात नव्हते. मला ग्रिड म्हणजे काय ते कॉलेजात नाही, तेव्हा कळलं.

आणि जुन्नरकडचा माझा मामेभाऊ. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्रीच यायची, म्हणून वर्षानुवर्षं बिबट्याच्या भीतीने टॉर्च आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जायचा. आता त्यांचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाईन, सोलरवर गेलाय, दिवसा पाणी देतो. त्याला जाऊन सांगा कोळसाच बरा. मी येते बरोबर, गंमत बघायला.

चोवीस वर्षांची असताना मी बाबांना जेवणाच्या ताटावर म्हणाले होते, तुमची राख आम्ही श्वासात घेतली. कॉलनीत वाळत घातलेल्या चादरी झटकल्या की खरंच राख उडायची, आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. आज ते मशीनवर आहेत तेव्हा ते वाक्य मला जास्त खरं वाटायला हवं, नाही का? पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विडीचा विचारला, आणि बाबा विडी ओढायचे, नाइट शिफ्टला जास्तच. राख किती, विडी किती, कोण मोजणार. चोवीस वर्षांच्या त्या मुलीशी मी अजून भांडते, कधी ती जिंकते.

परवा बॅटरीचं कोटेशन काढलं, आमच्याच कंपनीचं, स्टाफ डिस्काउंट लावून. बाबा म्हणतात समोरच्यांचा जनरेटर आहे की. मी म्हणते डिझेल. ते म्हणतात मग कोळसा. असं चालू आहे.

ज्यांना एका वाक्यात उत्तर हवंय त्यांनी बाबांनाच येऊन विचारा, खूप बोलतात. फक्त सकाळी या, संध्याकाळी त्यांना धाप लागते.