होर्टाशी मैत्री लिहायची तर

‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेच्या फॅनफिकमध्ये, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये, कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्यावर चिक्कार लिहून झालंय. नव्याने लिहिणाऱ्याने सरळ होर्टाकडे वळावं. मार्च १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या ‘द डेव्हिल इन द डार्क’ या भागातला हा सिलिकॉनचा जीव आम्लाने खडक विरघळवत बोगदे पाडतो. खाणकामगार तिची अंडी नुसते गोटे समजून फोडतात, म्हणून ती त्यांना मारते. शेवटी समेट होतो: पिल्लं बोगदे पाडतील, माणसं खनिज काढतील. पण समेट म्हणजे मैत्री नव्हे. तिथून पुढची जागा आपली.

सुरुवात शरीरापासून करा. आपल्या शरीरातला कार्बन ऑक्सिजनशी जुळला की वायू होतो, तो उच्छ्वासातून जातो. सिलिकॉनची मात्र सिलिका होते, म्हणजे वाळूच. ती वितळायलाही सुमारे १,७०० अंश सेल्सिअस लागतात. होर्टा ऑक्सिजन घेत असेल, तर तिच्या उच्छ्वासातून वाळू सांडेल. कामाची पाळी संपताना खाणकामगार ती कचरा म्हणून झाडतो, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

होर्टा आणि कामगार यांच्यातला संकेत कसा असावा, हे गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबीकडून शिकावं. कोळंबीची नजर अधू, पण बीळ तीच खणते. गोबी पहारा देतो. बाहेर असताना तिची मिशी माशाला टेकलेली असते. त्याने शेपूट फडफडवली की ती आत. तुमच्या कथेतही संकेत एकच ठेवा, समजा खडकावर तीन ठोके. दीड हजार शब्दांत तो तीनदा येऊ द्या: आधी चुकीचा अर्थ, मग खरा, मग जिवावर बेतलेलं असताना. पहिल्या चुकीची किंमत कुणालातरी मोजावी लागलीच पाहिजे. मूळ भागात होर्टा ‘नो किल आय’ असं खडकात कोरते, तेव्हा ती विनवणी आहे की वचन, हेच कळत नाही. तितका संदिग्ध संकेत शोधा.

बहुतेक कथा फसतात त्या स्पॉकला बोलावून माइंड मेल्ड, म्हणजे दोन मनं थेट जोडण्याची त्याची किमया, घडवल्याने. सगळं एका क्षणात कळलं, तर एकमेकांना ओळखायला उरतं काय? दुसरी चूक म्हणजे होर्टाला पाळीव कुत्र्यासारखं वागवणं. तिची जात दर पन्नास हजार वर्षांनी मरते, अंडी सांभाळायला एकटीच उरते. अशा जिवाला एका कामगाराची चाळीस-पन्नास वर्षं कशासाठी हवी असतील? तो फुटलेल्या अंड्यांचा हिशेब ठेवतो म्हणून? याचं उत्तर पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा.