दुबईहून नाशिक: सुट्टीत उरकलेलं बँकेचं काम

नोकरीसाठी दुबईला जाऊन चार वर्षं झाली, पण पंचवटीतलं बचत खातं मी होतं तसंच चालू ठेवलं होतं. जुनं सिम आण्णांच्या बटणांच्या फोनमध्ये होतं. मी दुबईत लॉगिन केलं की ओटीपी नाशिकला यायचा. आण्णा चष्मा लावून सहा आकडे कागदावर उतरवायचे आणि आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मला पाठवायचे. घरचं लाइटबिल याच खात्यातून जायचं. कधी मी कामात असले की दादाच माझ्या पासवर्डने भरून टाकायचा.

या सुट्टीत हे खात्याचं काम मार्गी लावायचंच ठरवून आले. मुंबईला उतरून कसारा घाट चढून घरी पोचले, आणि सकाळी बँकेत गेले तर दुसरा शनिवार! दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेवढं बघून तिकीट काढा.

सोमवारी कळलं ते असं. वर्षात भारतात किती दिवस राहिलात, हा १८२ दिवसांचा हिशोब आयकराचा. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, वेगळा: परदेशी नोकरीसाठी देश सोडला, की तुम्ही अनिवासी. साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या कमाईसाठीचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऐकून पोटात गोळाच आला. दादाने माझा पासवर्ड वापरणंही बरोबर नव्हतं. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. दादाच्या मनात काही नव्हतं, पण उद्या खात्यात गडबड झाली असती तर निस्तरणं अवघड होतं.

सरळ मार्ग आहे की! एनआरओ खात्यासाठी घरच्या माणसाला मुखत्यारपत्र देता येतं, त्यावर तो इथली रुपयांतली बिलं भरू शकतो. दादाच्या नावे तेच केलं.

पासपोर्ट, व्हिसा, दुबईचा पत्ता दाखवणारा कागद, पॅन आणि फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात. दुबईच्या पगारातून पाठवायचे पैसे एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईसाठीच्या खात्यात ठेवा, तिथलं व्याज करमुक्त आहे. एनआरई-एनआरओ खात्यांना दुबईच्या मोबाइल नंबरवर यूपीआयही जोडता येतं, फक्त आपली बँक ते देते का हे आधी विचारा.

निघायच्या आदल्या रात्री आण्णांनी फोन उघडून जुनं सिम काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.